पंखांची वरची बाजू

माझी बायको जीवशास्त्र शिकवायची. करमाडकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तिची सगळी नोकरी झाली, आणि माझी वाळूजला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणी विभागात. सकाळी ती जालना रोडनं एकीकडं जायची, मी बरोबर उलट्या दिशेला. संध्याकाळी दोघं दमूनभागून सिडकोतल्या आमच्या घरी यायचो.

घराच्या मागं थोडी मोकळी जागा आहे. शेजारच्यांनी आपापल्या मागच्या जागेत फरशी घातली, कुणी पत्रे टाकून खोली काढली. आमची जागा तशीच राहिली, कारण बायकोनं तिला हात लावू दिला नाही. एक लिंबू, एक कढीपत्ता, कुंपणाला घाणेरीचं झुडूप, थोडी सदाफुली, आणि बाकी सगळं गवत. हे गवत कुणी लावलेलं नव्हतं. आपोआप आलेलं होतं. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्या-आठवड्यानं येतं, त्यामुळं बागेला पाणी घालणं म्हणजे चैनच. ती तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत साठवायची आणि संध्याकाळी गवतावर शिंपडायची. गवताला पाणी घालणारी बाई म्हणून गल्लीत तिची थोडी थट्टाही व्हायची.

त्या गवतात स्किपर यायचे. मराठीत त्यांच्या कुळाला चपळ म्हणतात, पण ती स्किपरच म्हणायची. नखाएवढं, तपकिरी, अंगानं जाडसर फुलपाखरू. डोकं मोठं, डोळे काळेभोर, मिशांची टोकं आकड्यासारखी वळलेली. उडतं म्हणण्यापेक्षा उसळतं. आत्ता या पात्यावर, डोळ्याची पापणी लवते तोवर त्या पात्यावर. लोक त्याला पतंगच समजतात. मीसुद्धा लग्न झाल्यावर कितीतरी वर्षं तसंच समजत होतो. बायकोचं माहेर गंगापूर तालुक्यातलं. घरात मेंढरं होती. लहानपणी ती मेंढरांमागं चालायची तेव्हा कळपाच्या पुढं गवतातून हीच तपकिरी पाखरं उसळायची, आणि त्यांची नावं कुणालाच सांगता यायची नाहीत, हे ती मला बऱ्याचदा सांगायची. पुढं शिकली तेव्हा त्यांची नावं शोधून काढली.

निवृत्त झाल्यावर तिनं या कामात मन घातलं. सकाळी उन्हं घरांच्या गच्च्यांवरून खाली उतरली की मोबाईल घेऊन गवतात उकिडवी बसायची. या तपकिऱ्यांची ओळख पटवणं म्हणजे डोकेफोडच. पंखावरचा एखादा पांढरा ठिपका कमी की जास्त, ठिपके एका ओळीत आहेत की तिरपे गेलेत, यावर नाव बदलतं. काही जातींत नराच्या वरच्या पंखावर एक बारीक राखी पट्टा असतो, तो दिसला तरच खात्री. आणि बसल्यावर पाखरू पंख मिटून घेतं. वरची बाजू दाखवतच नाही. तिला दोन-दोन तास त्यातच जायचे. मी वर्तमानपत्र वाचत मागच्या पायरीवर बसायचो. कधी ती हाक मारायची, मी जाईपर्यंत पाखरू उडालेलं असायचं, आणि मी रिकाम्या पात्याकडं बघून मान डोलवायचो.

एक दिवस गवतातच तिच्या हातून मोबाईल पडला. तिनं उचलला, पुन्हा पडला. उन्हानं चक्कर आली असेल म्हणून मी सावलीत बसवलं, पाणी दिलं. ती म्हणाली, चक्कर नाही, बोटांनी धरलंच नाही. पुढच्या महिन्यांत कुलूप उघडताना किल्ली वळेना, साडीला पिन लागेना. मणक्याचा त्रास असेल म्हणून आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडं फिरलो, शेक घेतला, गळ्याला पट्टा लावला. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून आम्हाला समोर बसवलं. मज्जातंतूंचा आजार होता, एकेक करून सगळे स्नायू बंद पाडणारा. हात, पाय, मग बोलणं, गिळणं, आणि शेवटी श्वास. औषध नाही. डॉक्टर भले होते, धीर द्यावा म्हणून म्हणाले, "बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहील. नजरही राहील."

परतताना रिक्षात ती म्हणाली, "शाबूत राहून सगळं बघायचं, असं म्हणाले ना ते?" मी तिचा हात धरला होता, आणि तो हात तेव्हाही माझा हात धरत नव्हता.

मुलगी पुण्याला असते, तिचं लहान बाळ. ती येऊन-जाऊन करायची. कायमच्या राहायला आल्या त्या माझ्या सासूबाई, गंगापूरहून. मी त्यांना मामी म्हणतो. नव्वदीला टेकलेल्या नसतील, पण ऐंशी कधीच ओलांडलेली. जीपमधून उतरल्या ते एक पिशवी आणि बाजरीचं पीठ घेऊन. लेकीकडं नजर टाकली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जावईबापू, पोरगी लई वाळली ओ." मग लुगड्याचा पदर खोचून कामाला लागल्या. आईनं लेकीला भरवायचं, तिची वेणी घालायची, तिला पुसून घ्यायचं. लहानपणी जे केलं ते सगळं पुन्हा, फक्त उलट्या दिशेनं जाणारं. दर महिन्याला लेक आणखी लहान.

पलंग आम्ही मागच्या खोलीत, खिडकीला लावून हलवला. खिडकीतून गवत दिसायचं. पण स्किपर एवढ्या लांबून ओळखू येत नाहीत, नुसता एक तपकिरी ठिपका उसळताना दिसतो. तिचं बोलणं तेव्हा जड झालं होतं, पण कळत होतं. एका सकाळी तिनं मला जवळ बोलावलं आणि शब्द जुळवत म्हणाली, "मी बरी होणार नाही, ते मला कळलंय. देवाधर्माचं काही करू नका. मला ओळखायला काहीतरी आणून द्या."

तिथून माझं गवतात बसणं सुरू झालं.

आयुष्यभर मी लोखंडाचे तुकडे मापले. केसाएवढा फरक असला तरी तुकडा बाजूला काढायचो. मला वाटलं, हे जमेल. नाही जमलं. लोखंड जागेवर थांबतं. माझ्या फोटोत नुसतं गवत यायचं, किंवा पाखराचा अर्धा पंख, किंवा एक तपकिरी रेघ. आत जाऊन दाखवलं की ती मान हलवायची. "बाजूनं घ्या. खाली वाका. सावली पाडू नका." माझे गुडघे दुखायचे, पाठीत भरायचं, आणि मनात एकच घोकणं चालायचं, की ही आत वाट बघतेय. मामी दारात उभ्या राहून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "येवढ्या पाकुळीत काय हाय पण?" मी म्हणालो, तिला हवंय. त्या म्हणाल्या, "मंग धरा, व्हय."

हळूहळू थोडंफार यायला लागलं. पुढचे पंख उभे आणि मागचे आडवे पसरून उन्हात बसतो तो पिवळसर डार्ट. काळ्या अंगावर पांढरी ठिपकेदार नक्षी आणि पंख सपाट टेकवून बसतो तो ग्रिझल्ड स्किपर. आणि तपकिऱ्यांतला सगळ्यात नेहमीचा राईस स्विफ्ट. मी फोटो दाखवून नाव सांगायचो, ती हो किंवा नाही म्हणायची. नाही जास्त. पण एखाद्या वेळी हो म्हणताना तिच्या चेहऱ्याच्या उरलेल्या भागात हसू यायचं, आणि त्या दिवशी मला जेवण जायचं.

उन्हाळ्यात तिची वाचा गेली. एकदम नाही, एकेक अक्षर करून. आधी कठीण अक्षरं गेली, मग सोपी. शेवटी एक लांब सूर उरला, आणि मग तोही नाही. त्याच उन्हाळ्यात गवतही वाळलं. पाण्याची पाळी आणखी लांबली होती. जे पाणी यायचं ते तिच्या चादरी धुण्यात, अंग पुसण्यात, नळीतून भरवण्याची भांडी उकळण्यात संपायचं. तांदूळ धुतलेलं पाणी मी घालत होतो, पण त्यानं काय होणार. बागेत फुफाटा उडायला लागला. एकही पाखरू दिसेना. तरी मी रोज सकाळी बाहेर जाऊन उभा राहायचो, कारण ती खिडकीतून बघत असायची. हात हलवत आत आलो की ती डोळे मिटायची. डोळे मिटले म्हणजे नाही, वर बघितलं म्हणजे हो, असं आमचं ठरलं होतं.

मुलीनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत मुळाक्षरं लिहून दिली. मी बोट एकेका ओळीवर न्यायचो, ती वर बघेल ती ओळ. मग त्या ओळीतल्या एकेका अक्षरावर. काना-मात्रा सगळं सोडून दिलं होतं, नाहीतर एका शब्दाला अर्धा तास. तिनं नुसती अक्षरं द्यायची, बाकी मी भरायचं. यातून घोटाळे व्हायचे. एकदा तिनं प दिला, मग ट. पोट, मी म्हणालो. ती डोळे मिटणार तोवर मी पोटदुखीचं औषध काढलंसुद्धा. मामींनी पोटाला एरंडेल चोळलं, मी कुशी बदलली, घरी येणाऱ्या नर्सला फोन केला. ती डोळे मिटत राहिली. आम्हाला वाटलं, वेदना. संध्याकाळी तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मी पुन्हा पुठ्ठा घेतला. पुन्हा प, पुन्हा ट. मग ती मोबाईलकडं बघत राहिली. सकाळी मी तिला तिनंच काढलेले जुने फोटो दाखवत होतो, त्यातल्या एका फोटोवर मी राईस स्विफ्ट म्हणालो होतो. पट्टा. वरच्या पंखावरचा राखी पट्टा. तो राईस स्विफ्ट नव्हता, हे तिला सांगायचं होतं. दिवसभर आम्ही तिचं पोट चोळत होतो.

मी म्हणालो, "पट्टा?" तिनं वर बघितलं. खूप वेळ वरच बघत राहिली.

त्यानंतर एक गोष्ट मनात बसली ती निघाली नाही. ही आत पूर्ण जागी आहे, पूर्वीइतकीच हुशार, आणि आम्ही दोघं तिच्याभोवती अंदाज बांधत फिरतोय. ती काय म्हणते त्यातलं किती मला कळलं असेल? जे कळलं असं वाटलं, त्यातलं किती चूक असेल? चुकीचं कळलेलं पुन्हा दुरुस्त करायला तिला सगळा दिवस लागायचा, आणि बऱ्याचदा ती सोडून द्यायची. कितीदा सोडून दिलं असेल, तेही मला माहीत नाही.

पावसाळा लागल्यावर गवत पुन्हा आलं. कुणी काही केलं नाही, आपोआप आलं, गुडघ्याएवढं झालं. श्रावणाच्या सुमारास पाखरं आली. पण बायको फार थकली होती. रात्रंदिवस श्वासाचं यंत्र लागायचं, पट्ट्यांनी नाकाची कातडी सोलली होती. जागी असण्याचे तास कमी होत चालले. डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणाले, गळ्याला छिद्र पाडून मोठं यंत्र लावायचं का ते ठरवा. तिला आम्ही आधीच विचारलं होतं, बोलता येत होतं तेव्हा. ती नाही म्हणाली होती. आता पुन्हा विचारलं. तिनं डोळे मिटले. मामींनी माझ्याकडं बघितलं, मी मामींकडं. त्या उठून मोरीत गेल्या आणि बराच वेळ पाणी नसलेल्या मोरीत उभ्या राहिल्या.

एका सकाळी मला घाणेरीच्या बुडाशी एक स्किपर दिसला. तपकिरी, पण रंग जरा वेगळा, तांबूसकडं झुकणारा, खालच्या पंखावर फिकट ठिपके आणि त्या ठिपक्यांना काळसर कडा. मी तो आधी बघितलेला नव्हता. पंख मिटूनच बसला होता. मी पोटावर झोपून फोटो घेतला. एकच आला, थोडा हललेला. मग तो उसळला आणि कुंपणाबाहेर गेला.

आत आलो. यंत्राच्या पट्ट्या सैल करून तिच्या डोळ्यांसमोर मोबाईल धरला. तिची नजर फोटोवर थांबली. इतक्या दिवसांत ती अशी थांबली नव्हती. मी नावं घेत गेलो. राईस स्विफ्ट? डोळे मिटले. पट्ट्याचा स्विफ्ट? मिटले. डार्टची मादी? मिटले. माझ्या जवळची नावं संपली. मी पुठ्ठा आणला. ओळ, मग ओळीतलं अक्षर. तिनं व दिला.

मी पुढच्या अक्षरासाठी बोट फिरवायला लागलो. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिची नजर वर जाऊन थरथरली आणि खाली आली. मला ओळ नक्की कळेना. पुन्हा केलं. घशात कफ घरघरायला लागला. मामी धावत आल्या, आम्ही नळीनं कफ ओढला, यंत्र पुन्हा घट्ट केलं. ती झोपी गेली. दुपारी मी पुन्हा पुठ्ठा धरला, ती नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तेवढंही नाही. त्या आठवड्यातच ती गेली, सकाळी, मामी तिचे पाय पुसत असताना.

दहावं, तेरावं, माणसांची ये-जा, सगळं झालं. मुलगी बाळाला घेऊन परत गेली. मी फुलपाखरं ओळखणाऱ्या एका ग्रुपवर तो फोटो टाकला. बायको पूर्वी त्या ग्रुपवर असायची. चांगल्या लोकांनी उत्तरं दिली. एकानं लिहिलं, विंध्यन बॉब असू शकतो, ठिपक्यांच्या कडा तशा वाटतात. दुसऱ्यानं लिहिलं, शहरातल्या बागेत तो सहसा येत नाही, आणि फोटो हललेला आहे, वरची बाजू दिसल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही.

मी ती उत्तरं पुन्हा पुन्हा वाचली. विंध्यन. व-नं सुरू होतं. तिला ते नाव माहीत असणारच. तिनं बघताक्षणी ओळखलं असेल, तर ते किती मोठं, शहरात न येणारं पाखरू आमच्या घाणेरीखाली. पण दुसऱ्या माणसानं लिहिलं होतं, वरची बाजू. वर. तिलाही तेच सांगायचं असेल, की हा फोटो उपयोगाचा नाही, वरचा आणा. ती नेहमी तेच सांगायची. एकदा एक पक्कं वाटायचं, एकदा दुसरं. तो फोटो मी इतक्या वेळा मोठा करून बघितला की शेवटी त्यात चौकोनच दिसायला लागले.

मामी गावी निघाल्या. मी त्यांना म्हणालो, राहा. त्या म्हणाल्या, इथं बसून काय करू, ज्या कामाला आले ते संपलं. बसस्टँडवर गाडीची वाट बघत आम्ही बाकड्यावर बसलो होतो. मी त्यांना सहज सांगितलं, की तिनं शेवटचं अक्षर व दिलं होतं, त्यावरून पाखराचं नाव लागेल असं वाटतंय, पण खात्री होत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. पिशवी मांडीवर होती, तिचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.

मग म्हणाल्या, "मला तवाच वाटलं होतं. वारा म्हनत व्हती ती."

मला आधी कळलंच नाही.

"जीव घाबरा झाला व्हता पोरीचा. वारा मागत व्हती. तुमी पट्टा ढिला केला व्हता ना. मी म्हनलं, पंखा वाढवला तर गारठा लागंल, म्हनून नाय वाढवला." त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, गंगापूरच्या गाडीच्या फलाटाकडं बघत होत्या. "कुनाला बोलले नाय मी. आज तुमी काढलं म्हनून."

मला त्यांना म्हणायचं होतं, नाही, ती फोटो बघत होती, तिची नजर फोटोवर होती. पण तसं म्हणायला माझी खात्री असायला हवी होती. गाडी आली. खिडकीची जागा मिळाली. बाहेरून मी त्यांच्या हातावर हात ठेवला, त्यांनी तो थोपटला, आणि गाडी हलली.

त्यानंतर मी त्यांना फोन करतो. आम्ही पाऊसपाण्याचं, ज्वारीचं, त्यांच्या गुडघ्यांचं बोलतो. त्या अक्षराचं पुन्हा दोघांनीही काढलं नाही. त्यांच्या घरी त्या वारा घेऊन बसल्यात, इथं मी. पाखराचं नाव असतं, तर तिनं शेवटपर्यंत ओळखलं, असं म्हणून मी कसंबसं जगलो असतो. वरच्या बाजूचा फोटो आणा, असं असतं तरी चाललं असतं. पण वारा असेल, तर मी तिच्या डोळ्यांसमोर एक पाखरू धरून नावं विचारत होतो आणि तिला श्वास हवा होता. यातलं खरं कोणतं, हे सांगणारं माणूस एकच होतं.

मुलगी म्हणते, पुण्याला या, घर भाड्यानं द्या. मी बघू म्हणतो. अक्षरांचा पुठ्ठा मुलीनं पुण्याला जाताना कुठं ठेवला ते मी विचारलेलं नाही. बागेत गवत उंच झालंय. नळाला पाणी आलं की मी टाकी भरून घेतो आणि दार लावून घेतो. सकाळी उन्हं उतरली की गवतावर तपकिरी काहीतरी उसळतं, हे आतूनही कळतं. एकदा मी बाहेर गेलो होतो, धुतलेले कपडे दोरीवर वाळत घालायला. माझ्या ओल्या बाहीवर एक येऊन बसला आणि सोंड काढून पाणी प्यायला लागला. उन्हात त्यानं पंख उघडले, वरची बाजू चक्क दिसत होती, ठिपकेसुद्धा मोजता आले असते. मी मान वळवली आणि तो उडेपर्यंत तसाच उभा राहिलो.